गाडीवरचं इंजिन

स्वतःचं इंजिन जळालं असतं तर शहादेव पाणी पिऊन निवांत झोपला असता. पण हे इंजिन सासऱ्यांचं होतं, आणि सासरे धुळाजी आजच ते न्यायला येणार होते.

धुळाजींनी याआधी जावयाला शिडी दिली होती, फवारणीचा पंप दिला होता, एक मोठी कढईसुद्धा दिली होती. तिन्ही वस्तू अजून शहादेवच्या शेतातल्या आखाड्यावरच, गोठ्याशेजारच्या छपरात, सुखानं नांदत होत्या. म्हणून या वेळी म्हातारा सावध झाला. इंजिन दोरांनी आवळून बांधलेली बैलगाडी त्यांनी स्वतः विहिरीवर आणून लावली, बैल सोडले आणि बजावलं, "पाव्हणं, गाडीवरनं खाली उतरवायचं न्हाई. हितंच चालवा, अन् गाडीसकट परत करा."

"आबा, जसंच्या तसं परत येईल. माझा शब्द हाय," त्यांची लेक रुक्मिणीबाई म्हणाली होती.

मिरचीच्या रोपांना आठ दिवस पाणी मिळालं. नवव्या दिवशी इंजिन जोरात खडखडलं आणि जागच्या जागी आवळलं. हँडल काही केल्या फिरेना.

चौसाळ्याहून बद्रीनाथ मिस्त्री आला. त्यानं आखाड्यावरची कढई मागवून घेतली, गाडीवर चढून इंजिन खोललं आणि काळंनिळं बेअरिंग वर धरलं.

"जळालं की वो! ऑईलच मिळालं न्हाई ह्याला."

"कसं न्हाई?" शहादेव उसळला. "रोज ऑईलची काडी बघूनच हँडल मारलंय. आईची आन!"

बद्रीनाथनं काडी पुसून आत घातली, बाहेर काढली. ऑईल खुणेच्या वर! तो डोकं खाजवत बसला. तेवढ्यात चहा आला. त्यानं भरलेली बशी गाडीच्या फळीवर ठेवली, तर चहा पुढच्या काठावरून सांडला. पुन्हा भरली, पुन्हा तिकडूनच सांडला. मग त्यानं वाकून बघितलं. गाडीचं जू जमिनीला टेकलेलं होतं.

"सापडलं! गाडी पुढं उताराला हाय. सगळं ऑईल काडीकडं जमलं. ऑईलपंप मागल्या अंगाला, त्यो बिचारा आठ दिवस ऑईल कमी अन् हवाच जास्त ओढत बसला."

नेमके तेव्हाच धुळाजी बैल घेऊन हजर झाले. सगळं ऐकल्यावर त्यांचा पारा चढला. "आरं, कुण्या येड्यानं उतारावर इंजिन चालवलं? एवढी तरी अक्कल पायजे का न्हाई माणसाला?"

सासऱ्याला उलट बोलायची शहादेवच्या घरात रीत नव्हती. रुक्मिणीबाईला मात्र तशी काही अडचण नव्हती.

"आबा, शिव्या जरा जपून द्या. बैल सोडून जू खाली कुणी टेकवलं? अन् गाडीवरनं उतरवू नका म्हणून कुणी बजावलंतं?"

धुळाजींनी वाकून जमिनीला टेकलेलं जू बघितलं.

"मामा, आता मातर खाली घ्यावं लागंल," बद्रीनाथ हळूच म्हणाला. "सपाट जाग्यावर. महिनाभर तरी हितनं हालत न्हाई."

आपणच मारलेल्या गाठी धुळाजींनी आपल्याच हातानं सोडल्या. चौघांनी मिळून इंजिन उतरवलं आणि आखाड्यावर नेऊन शिडीशेजारी ठेवलं. म्हाताऱ्यानं रिकाम्या गाडीला बैल जुंपले, दोन पावलं पुढं जाऊन ते थांबले आणि अगदी नरम आवाजात म्हणाले, "पाव्हणं, ती कढई तेवढी द्या. रिकाम्या हातानं गेलो तर तुमची सासू घरात घ्यायची न्हाई."

शहादेवनं बायकोकडे बघितलं.

"आबा," रुक्मिणीबाई म्हणाली, "तुमच्याच इंजिनाचे नटबोल्ट भिजत घातलेत की तिच्यात."