समुद्रातून आलेला झगा

तालिताने कात्री चालवली की कापड कमी पडायचं. पाच मीटर आणा, सहा आणा, कपडा अंगावर चढायच्या वेळी काहीतरी राहिलेलं असायचंच. महिला समितीच्या अध्यक्षा लुपेसिनाबाईंच्या जांभळ्या पोशाखाला बाह्या दुसऱ्याच कापडाच्या लागल्या. चर्चचे डीकन रोपेती यांच्या सदऱ्याला खिसाच आला नाही. तालिता हळहळून सांगायची, की हल्ली राजधानीतले, आपियाचे दुकानदार मापात मारतात. लोकांना ते पटायचं, कारण आपियाच्या दुकानदारांबद्दल आमच्या सावाई बेटावरच्या माणसाला काहीही पटतं.

उरलेलं कापड तांदळाच्या रिकाम्या पोत्यांत भरून तिच्या पलंगाखाली जायचं. ही चोरी आहे असं वीस वर्षांत तिला एकदाही वाटलं नव्हतं. तुकडा हाताएवढा झाला की त्याला मालक उरत नाही, असं तिचं प्रामाणिक मत होतं. मोठ्या तुकड्याचा हाताएवढा तुकडा करायचं काम अर्थात ती स्वतःच करायची.

अशात वेलिंग्टनहून ब्रिजेट नावाची एक बाई आली. ती कचरा कमी करायला आली होती आणि येताना तीन मोठ्या बॅगा घेऊन आली होती. तिने जाहीर केलं, की फक्त टाकाऊ कापडातून अंगात घालता येईल असं काही शिवायचं. सगळ्यात चांगलं शिवणाऱ्या बाईला विजेवर चालणारं शिलाई मशीन मिळेल. तालिताचं मशीन पायाचं होतं आणि तिचा डावा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरत होता. तिने त्याच दिवशी पलंगाखालची पोती ओढून काढली.

तीन आठवडे तिने दुसरं काही शिवलं नाही. एक लांब झगा, त्यावर रुंद पट्टा, एक टोपी आणि एक थैली. खांद्यावर पिवळ्या जास्वंदीचं जांभळं कापड, छातीवर हिरवं, खाली घेराला चार बोटं मरून मखमल. दोन तुकड्यांच्या मधली शिवण फुलाच्या बरोबर देठातून जाईल अशी तिने जुळवली होती. कापडाच्या काठावर दुकानाचं नाव छापलेलं असतं, तो काठ लोक फेकून देतात. तालिताने तेच काठ जोडून पट्टा केला. मुलीने, एसेताने, झगा घालून पाहिला तेव्हा तालिता दोन पावलं मागे सरकून नुसती बघत राहिली. आपल्याला एवढं येतं हे तिलाही माहीत नव्हतं.

तिच्या नवऱ्याला, पानापाला, तिने विचारलं कसा झालाय. तो बराच वेळ पाहून म्हणाला, "सुंदर आहे. सगळ्यांना ओळखीचा वाटेल." तालिताने ती स्तुती समजली.

स्पर्धा चर्चच्या सभागृहात झाली. पुढच्या रांगेत गावची मानाची माणसं बसली होती. पाद्रीणबाई लोसा या ब्रिजेटच्या शेजारी, कारण तिचं बोलणं गावाला समजावून सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. एसेता झगा घालून चालत आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मग एकेका कोपऱ्यातल्या टाळ्या थांबत गेल्या.

पहिल्या थांबल्या लुपेसिनाबाई. आपल्या बाह्या एसेताच्या खांद्यावर दिसताच त्या अर्ध्या उठल्या. तालिताला भर सभेत सोलून काढायचं त्यांनी ठरवलं होतं, तेवढ्यात त्यांची नजर पट्ट्यावर गेली. ते जांभळं कापड मुलाने सिडनीहून पाठवलं असं त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं होतं. पट्ट्यावरच्या जांभळ्या काठावर बोटीच्या धक्क्याजवळच्या स्वस्त दुकानाचं नाव ठसठशीत छापलेलं होतं. लुपेसिनाबाई पुन्हा खाली बसल्या.

रोपेती डीकनांना थैलीवर त्यांच्या सदऱ्याच्या कापडाचे सहा खिसे दिसले आणि त्यांचा चेहरा लाल झाला. पुढच्या क्षणी तो पांढरा पडला, कारण शेजारी बसलेली त्यांची बायको आकेनेसे पलीकडच्या बाईला म्हणाली, "ते छातीवरचं हिरवं कोणाचं गं? छान आहे." त्या हिरव्या कापडाचा पोशाख डीकनांनी गेल्या वर्षी उपोलू बेटावरच्या बहिणीसाठी म्हणून शिवून नेला होता. त्यांची बहीण होडीएवढी रुंद आहे. त्यांनी तालिताला हातांनी हवेत दाखवलेली कंबर मात्र वेळूएवढी होती.

आणि घेरावर मखमल होती. ऑकलंडला राहणाऱ्या आपल्याच गावच्या लोकांनी वर्गणी काढून ती वेदीवर घालायला पाठवली होती. तिला कसर लागली असं पाद्रीणबाईंनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. कसर लागल्यानंतर त्या मखमलीचा पोशाख तालितानेच शिवला आणि पाद्रीणबाई तो आपियाच्या संमेलनात घालून आल्या.

तालिताला हे सगळं आत्ता, एसेता मधोमध उभी असताना लक्षात आलं.  मशीन तर गेलंच. उद्यापासून गावात तोंड दाखवायची सोय उरणार नाही, असं तिला वाटलं. ब्रिजेट मात्र हरखून गेली होती. तिने ध्वनिक्षेपक हातात घेऊन तालिताला म्हटलं, की प्रत्येक तुकड्याची एक गोष्ट असते. हे तुकडे कुठून कुठून आले ते एकेक करून सगळ्यांना सांगाल का?

पाद्रीणबाईंनी घसा साफ केला आणि भाषांतर केलं, "पाहुण्या म्हणतात, छान झालंय. जा, बस खाली."

तालिता बसली. ब्रिजेट हसऱ्या चेहऱ्याने उत्तराची वाट पाहत राहिली. काहीतरी सांगणं भाग होतं. पाद्रीणबाई इंग्रजीत म्हणाल्या, की हे सगळं कापड समुद्रातून वाहून किनाऱ्याला लागलेलं आहे.

सभागृहातल्या निम्म्या लोकांना इंग्रजी कळत होतं. कोणीही तोंड उघडलं नाही. उलट लुपेसिनाबाईंनी मान डोलावली आणि डीकन हळूच "आमेन" म्हणाले. पहिलं बक्षीस एकमताने तालिताला मिळालं. आमच्या गावात याआधी एकमत कधी झालं होतं, ते जुन्या माणसांनाही आठवत नाही.

प्रकरण इथेच मिटलं असतं, पण समुद्रातून आलेल्या कापडाने ब्रिजेटचं डोकं फिरलं. तिने त्याच संध्याकाळी फोन लावले आणि दुसऱ्या दिवशी आनंदाने सांगितलं, की हा झगा ऑकलंडच्या प्रदर्शनात मांडला जाईल आणि आपल्या तिथल्या गावकऱ्यांना खास आमंत्रण असेल. शुक्रवारच्या बोटीने ती झगा घेऊन जाणार होती.

मंगळवारी सकाळी पाद्रीणबाई तालिताकडे आल्या. त्यांच्या काखेत पिवळ्या कापडाचं गाठोडं होतं. त्या म्हणाल्या, की मरून रंग ऑकलंडच्या थंडीत उदास दिसेल, त्यापेक्षा हे लाव. दुपारी लुपेसिनाबाई पांढरं कापड घेऊन आल्या. पट्टा आणि खांदे दोन्ही त्यांना बदलून हवे होते. डीकन मागच्या केळीच्या बागेतून आले. त्यांनी निळं कापड आणलं होतं. हात-दोन हात पुरलं असतं तिथे तिघांनी मिळून पंधरा मीटर आणलं होतं.

कोणी तिला चोर म्हटलं नाही. तालिताने ते कापड ठेवून घेतलं आणि झगा उसवायला बसली. देठातून नेलेली एकेक शिवण ब्लेडने कापताना तिचे डोळे भरून आले. आपलं काहीतरी चोरीला जातंय असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

गुरुवारी झगा तयार झाला आणि नवी अडचण पुढे आली. तो कोरा करकरीत दिसत होता. समुद्र तर सोडाच, त्याने कधी पावसाची सरही पाहिली नसावी असा. पाद्रीणबाईंनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "चला किनाऱ्यावर."

ओहोटीच्या वेळी गावाने ते दृश्य पाहिलं. लुपेसिनाबाई पोशाख गुडघ्यापर्यंत खोचून झगा पाण्यात तुडवत होत्या, डीकन तो खडकावर आपटत होते आणि पाद्रीणबाई त्याला मूठमूठ वाळू चोळत होत्या. डीकन घरी मासे मारायला जातो म्हणून सांगून आले होते. पानापा माडाखाली बसून पाहत होता. तो तालिताला म्हणाला, "तू निदान कापड नीट तरी ठेवायचीस."

शुक्रवारी झगा गेला. रंग कसे बदलले असं ब्रिजेटने विचारलं, तेव्हा पाद्रीणबाईंनी सांगितलं, की समुद्रातून आणखी कापड आलं. महिन्याभराने ऑकलंडचं वर्तमानपत्र आलं. रविवारी उपासनेनंतर सगळे जेवायला जमले तेव्हा लुपेसिनाबाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं: पॅसिफिकने परत केलेला कचरा, एका खेडूत बाईची प्रतिभा, लोकांनी हात लावून पाहिलं तर मीठ हाताला लागलं. ऑकलंडच्या गावकऱ्यांनी झग्यासोबत फोटो काढून घेतला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्तमानपत्र हातोहात फिरत आकेनेसेकडे आलं. तिने ते लांब धरून पाहिलं, मग जवळ घेऊन पाहिलं.

"इथे छातीवर हिरवं होतं ना?"

तालिता म्हणाली, असेल.

"असेल काय? मी विचारलं होतं, कोणाचं म्हणून. ते का काढलं?"

 आकेनेसे हुशार बाई. जांभळं का गेलं ते तिला ठाऊक होतं, मखमल का गेली तेही. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. फोटोत हिरव्याच्या जागी मात्र निळं होतं, आणि तसल्याच निळ्या कापडाचा एक तुकडा तिच्याच घरातल्या पेटीतून नाहीसा झाला होता. तिने वर्तमानपत्राची घडी घातली आणि पुरुषांच्या पंगतीकडे पाहिलं. डीकन अचानक उठून सगळ्यांना अळकुड्या वाढायला लागले होते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यांनी कधी कोणाला वाढलं नव्हतं. पाद्रीणबाईंनी घाईघाईने प्रार्थना सुरू केली, जेवणाआधीची होऊन गेलेली असूनही.

सोमवारी तालिता नव्या मशीनवर बसली होती. गुडघा शांत होता. आकेनेसे आली, डोक्यावर भलंमोठं बोचकं घेऊन. तिने ते चटईवर सोडलं. आत डीकनांचे सगळे कपडे होते: सदरे, लुंग्या, रविवारचा पांढरा कोटसुद्धा. सगळं धुऊन, इस्त्री करून, नीट घडी घातलेलं.

"तुझ्या कामाला येईल," ती म्हणाली.

तालिताने कोटाची बाही दोन बोटांत धरली. इतक्या वर्षांत तिचा हात कापडावर पहिल्यांदाच अडखळला. ती हळू आवाजात म्हणाली, "अगं, याच्या चिंध्या नाही करायच्या. चांगलं आहे हे."

"कापड चांगलंच आहे," आकेनेसे म्हणाली आणि पोशाख सावरून तिच्यासमोर बसली. "कात्री दे इकडे."