सात हजार वर्षांचा केर

एक केरसुणी. समुद्राकडे तोंड केलेली गुहा. सासूबाईंची दुखरी कंबर. कायम नोकरी. बरोबर अकरा.

यांचा एकमेकांशी काय संबंध? काहीच नाही! त्या दिवशी साडेदहापर्यंत मीही असंच म्हणालो असतो.

या गुहांच्या दारात मी तिकिटं फाडतो. नऊ वर्षं! मार्गदर्शकांचं भाषण ऐकून ऐकून मला पाठ. त्यांची कायम नोकरीची जागा रिकामी झाली, तेव्हा मी घरी जाहीर करून टाकलं, "ती नोकरी माझ्या खिशात आहे!" अकरा वाजता पुरातत्त्व खात्याचे साहेब थेट गुहेत परीक्षा घेणार होते. त्याआधी तालीम हवी, म्हणून श्रोता म्हणून सासूबाईंना घेऊन गेलो. बाई ऐकतात छान. फक्त केर काढल्याशिवाय कुठे बसत नाहीत. दवाखान्यातसुद्धा!

"आई, कंबर दुखतेय ना? टेका तुम्ही. मी सुरू करतो."

मी समुद्राकडे वळलो, डोळे मिटले. "मंडळी! सात हजार वर्षांपूर्वी इथे माणसं राहत होती. या चुलीवर शिंपले भाजत होती. ती राख आजही जशीच्या तशी..."

मागून सर्र सर्र आवाज. लाटा असतील! मी आवाज चढवला.

भाषण संपवून वळलो. गुहा घासलेल्या परातीसारखी लख्ख!

"आई, राख?"

"टाकली समुद्रात."

"अहो, सात हजार वर्षांची होती ती!"

"अगंबाई! एवढ्या वर्षांत कुणी केरच काढला नाही?"

तेवढ्यात साहेब हजर. दहा मिनिटं आधी!

"हं, दाखवा चूल."

"साहेब, तेव्हाची माणसं फार टापटिपीची. जाताना गुहा झाडूनच गेली!"

"खोटं कशाला बोलता, जावईबापू? मी झाडली," सासूबाई म्हणाल्या. "आणि साहेब, जमीन खराब आहे हो तुमची. राखेखाली कुणा पोराचा पाय उमटलाय. ओल्या मातीत नाचलं असेल कार्टं."

साहेब गुडघ्यांवर बसले. पाच बोटं. एवढीशी.

गेली नोकरी! पण साहेब माझ्याकडे बघतच नव्हते.

"बाई, कुठे ओरखडासुद्धा नाही! कसं झाडलंत?"

"हात हलका लागतो."

आता सासूबाई गळ्यात ओळखपत्र अडकवून रोज खोदकामावर जातात. मी दारात तिकिटं फाडतो.

"काय जावईबापू, सापडली का खिशात?" येता-जाता विचारतात.

मी सगळ्यांना सांगतो, त्या प्रकरणाशी माझा काडीचाही संबंध नव्हता.

केरसुणी घरून निघताना पिशवीत मीच टाकली होती.