आधी हात तापू दे

विजूताई चहा मागतात, पण पीत नाहीत. गरम चहाचा स्टीलचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसतात आणि चहा गार झाला की पेला तसाच परत पाठवतात.

सावेडीत आमच्या मुलींच्या वसतिगृहाशेजारच्या इमारतीत त्या तळमजल्यावर एकट्या राहतात. सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होत्या, आता निवृत्त. मी वसतिगृहाची रेक्टर. पाळीच्या दिवसांत आमच्या काही मुली पोट धरून लोळतात, शाळा बुडते, हे मी त्यांना भाजी घेता घेता सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एक चटई आणि दोन उशा घेऊन दारात हजर. नमस्कार वगैरे काही नाही. "चहा सांग," म्हणाल्या.

पहिले काही दिवस मला वाटलं, चहाच आवडत नसेल. आलं घालून पाहिलं, गवती चहा घालून पाहिला, गुळाचा केला, तर तो नासला. आमच्या स्वयंपाकीण शेवंताबाई यांनी तर ते मनालाच लावून घेतलं. "माज्या च्यात काय किडं पडल्यात व्हय? इचारा त्यांना!"

मी विचारलं.

"हात तापवायला लागतात गं," विजूताई म्हणाल्या. "पोर आधीच आखडलेली असते. तिला गार हात लावला तर आणखी आखडते. आधी हात तापू दे, मग पुढचं."

"मग गरम पाण्याचा पेला धरा."

"पाणी लगेच निवतं. चहावर साय धरते, ती झाकणाचं काम करते."

तेव्हापासून स्वयंपाकघराच्या यादीत 'विजूताई: चहा, फक्त धरायला' अशी एक ओळ आहे.

त्यांना माणसं चेहऱ्याने लक्षात राहत नाहीत, पाठीने राहतात. दूधवाला म्हणजे 'तो उजवा खांदा'. आमच्या संस्थेचे सचिव म्हणजे 'मानेत खिळा'. मी किल्ल्यांची जड पिशवी एकाच बाजूला लटकवते म्हणून माझं नाव 'डावी कंबर'. आणि हे सगळं तोंडावर. एका लग्नात आहेर द्यायला त्या माझ्याबरोबर स्टेजवर आल्या आणि नवरीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "एकाच पायावर भार देऊन उभी आहेस. संध्याकाळी कंबर धरून रडशील." नवरीला पाठवणीच्या आधीच रडू फुटलं. नवरीची आई माझी जुनी मैत्रीण होती. आता ओळख आहे.

मुलींच्या बाबतीत मात्र हा फटकळपणा कुठे जातो कोण जाणे. "ठेवू का हात?" असं विचारल्याशिवाय त्या बोटही लावत नाहीत. मुलगी नको म्हणाली तर चटईशेजारी गप्प बसून राहतात, चहा गार होईपर्यंत. हो म्हणाली तर तिला कुशीवर निजवतात, गुडघ्यांमध्ये उशी देतात आणि माकडहाडाच्या वरच्या चपट्या भागावर तळवा नुसता ठेवून देतात. दाबत नाहीत. बऱ्याच वेळाने मणक्याच्या दोन्ही अंगांनी अंगठे सरकायला लागतात, इतके सावकाश की बघणाऱ्याला जांभई यावी. "ओरडतं पोट, पण चोर पाठीत," हे त्यांचं वाक्य मुलींना पाठ आहे.

जादूचा दावा नाही. अंगावरून फार जात असेल किंवा गोळीनेही दुखणं हटत नसेल, तर आधी डॉक्टरीणबाईंना दाखवायचं, मग आपल्याकडे यायचं, हा त्यांचा नियम. मुलींना आश्वासनही बेताचंच. "जाणार नाही. सोसण्याइतकं होईल."

कोमल नववीत. खर्ड्याकडची. तिचे आईवडील दसरा उलटला की ऊसतोडीला जातात. डॉक्टरीणबाईंनी तपासून काळजीचं काही नाही म्हणून सांगितलं होतं, पण दर महिन्याला पहिले दोन दिवस पोरगी भिंतीकडे तोंड करून पडायची. ही बातमी गावी पोचली आणि नवरात्रात तिची आई तिला न्यायला आली. अनवाणी, उपाशी, हातात रिकामी पिशवी. कोमलची पाळी नेमकी त्याच सकाळी आलेली. ती चटईवर मुटकुळं करून पडली होती आणि विजूताई शेजारी पेला धरून बसल्या होत्या.

आई उंबऱ्याच्या आत आलीच नाही. "मॅडम, घिऊन जाते तिला. समदी म्हनत्यात, लगीन झालं की पोटात दुखायचं ऱ्हातं. पाव्हनं बी बगून ठिवल्यात."

मी कायदा सांगायला तोंड उघडलं. विजूताईंनी पेल्यानेच मला थांबवलं.

"आजवर इतक्या बायकांच्या कमरा चोळल्या मी. निम्म्या मंगळसूत्रवाल्या होत्या. आडवं होताना टोचतं म्हणून काढून ठेवायला लावायचे. लग्नाने थांबत असतं तर मला पगार कशाचा मिळाला?"

आईने पदर तोंडाला लावला. हसली की काय, कळलं नाही.

"आत ये. मी दाखवते तसा पोरीच्या कमरेवर हात ठेव."

"न्हाई वो ताई. मला न्हाई शिवायचं तिला. घरी घट बसल्यात."

"एष्टीत बसून आलीस ना? गुडघ्याला गुडघा लावून? त्यातल्या कोण कोण बाजूला बसलेल्या होत्या, विचारलंस?"

"ते न कळता झालं," शेवंताबाई दारातून म्हणाल्या. "न कळता झालेलं देवी धरत न्हाई."

"मग आताही डोळे मीट," विजूताई म्हणाल्या.

शेवंताबाईंना हसू आवरेना. आई मात्र जागची हलली नाही. कोमलने गुडघे आणखी पोटाशी घेतले. एरवी विजूताईंनी आणखी एखादा टोला हाणला असता. त्या दिवशी त्यांनी पेल्यातल्या सायीकडे बघितलं आणि बोलल्या तेव्हा बोलीच बदलली. इतक्या वर्षांत ती मी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती.

"मी बी तुज्याच भागातली हाय बाई. आमच्यात बी घट बसायचं. मला गोठ्याकडच्या खोलीत घालायचे. लई दुखायचं. आई यायची, दारात बसायची, माज्याबरुबर रडायची बी. पर दारातच." त्यांनी पेला तळव्यांत फिरवला. "ती गेली तवा मी आंघोळ घातली तिला. तिचा हात तवा माज्या हातात आला."

मग कोमलच्या आईने पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली आणि आत आली. विजूताईंनी पेला तिच्या हातात दिला. "आधी हात तापू दे."

तिने तो धरला. ऊसतोडीचे हात, तळव्याला घट्टे पडलेले. पेला खाली ठेवून तिने लेकीच्या कमरेवर हात ठेवला तेव्हा डोळे खरंच मिटले होते.

"दाबू नको. नुसता ठेव."

"किती गार पडलीय वो कंबर."

"व्हईल गरम. थांब तशीच."

थोड्या वेळाने अंगठे कुठून कुठे न्यायचे ते विजूताईंनी हवेत करून दाखवलं. स्वतः हात लावला नाही. आईने एकदा पदर सावरायला हात उचलला, तर इतका वेळ गप्प असलेली कोमल भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "आई, काढू नको ना हात."

आईने पदर पडू दिला. "न्हाई काढत," म्हणाली, आणि मग माझ्याकडे न बघता, "मॅडम, हितंच ऱ्हाऊ द्या तिला. पाव्हन्यांना नगं म्हनून सांगते मी. मालकाचं मी बगते."

विजूताईंच्या हातांना आता काम उरलं नव्हतं. ते मांडीवर ठेवून बघितले, गुडघ्यांवर ठेवून बघितले, कुठेच बरे दिसेनात. मग त्यांनी शेजारचा पेला उचलला, बोटाने साय बाजूला केली आणि तो पार निवलेला चहा एका दमात पिऊन टाकला.

"अगं बया, प्याल्या!" शेवंताबाई ओरडल्या.

"साखर जास्त झालीय," विजूताई म्हणाल्या, आणि रिकामा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसून राहिल्या.