चुका हव्या आहेत

टेबलावर चाचणीचा एक बोर्ड होता, झाकणाखाली रॅमच्या चार पट्ट्या होत्या, समोर एक पडदा, बाजूला एक तापमापक आणि पडद्याकडे बघत बसलेली तीन माणसं. चुका मात्र शून्य होत्या आणि सगळी पंचाईत तीच होती.

चुकाताईला हे टोपणनाव ऑफिसनेच दिलं होतं. दोन वर्षं ती मेमरीच्या चिपांमधल्या चुका शोधत होती. मेमरी म्हणजे शून्य आणि एक यांच्या असंख्य इवल्या खोल्या. एखादी खोली दमते, तापते आणि 'एक' ठेवायला दिलेला असताना बिनदिक्कत 'शून्य' परत करते. जुनी पद्धत एका ओळीतली एक चूक सुधारायची. पण शेजारशेजारच्या दोन खोल्यांनी संगनमत केलं की हात टेकायची. चुकाताईची नवी पद्धत अशा जोडगोळ्याही पकडत होती. आज ती साहेबांच्या पसंतीस उतरली, तर पुढच्या चिपमध्ये जाणार होती. नाहीतर उद्यापासून चुकाताईची रवानगी पॅकिंग विभागात, खोकी तपासायला.

सकाळी निघताना आई दारात म्हणाली होती, "आज एकही चूक होणार नाही बघ!"

"अगं आई, व्हायला हव्यात!"

"वेडी की काय तू? शुभ बोल गं."

आणि आता आईचा शब्द अक्षरशः खरा होत होता.

"अर्धा तास झाला," साहेब घड्याळाकडे न बघता म्हणाले. "मी पहिल्यापासून सांगतोय, मेमरी चुकतच नाही. नसलेल्या आजारावर औषध काढलंय तुम्ही."

"सर, मी आतून मुद्दाम चुका घालून दाखवू का?"

"वा! चोरीही आपणच करायची आणि चोरही आपणच पकडायचा? आपोआप झालेली चूक दाखवा. मला मान्य."

तिसरी खुर्ची स्टोअरकाकांची होती. स्टोअरच्या किल्ल्या त्यांच्याकडे असल्यामुळे ऑफिसातल्या प्रत्येक कार्यक्रमाला आपण हजर असलंच पाहिजे, असं त्यांचं मत होतं. ते कौतुकाने म्हणाले, "एकही चूक नाही! ताई, पैकीच्या पैकी!"

चुकाताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की काकांनी किल्ल्यांचा जुडगा गप्प केला.

इतक्यात टेबलावरचा फोन वाजला. रिसेप्शनवरची मुलगी होती. "साहेब, तुमच्या केबिनमधलं मशीन परत बंद पडलंय. निळा पडदा आलाय."

"आज तिसऱ्यांदा!" साहेब करवादले. "वायरिंग बघायला सांगा कुणालातरी."

चुकाताईचं तिकडे लक्ष नव्हतं. गरम झाली की मेमरी जास्त चुकते, हे तिला पाठ होतं. तिने एसी बंद केला. खोली तापली, साहेबांनी टाय सैल केला, काका रुमालाने वारा घेऊ लागले, तापमापक चढला. पडद्यावर शून्य. मग तिने रिसेप्शनवरच्या मुलीचा केस वाळवायचा ड्रायर मागवला आणि बोर्डावर रोखला.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" साहेबांनी विचारलं.

"पुस्तकात भट्टी आहे सर. आपल्याकडे ड्रायर आहे."

पडद्यावर शून्य. ती गुपचूप कोपऱ्यात गेली आणि तिने घरी फोन लावला. "आई, सकाळी जे बोललीस ना, ते मागे घे."

"अगंबाई, चूक झाली का काही?"

"नाही ना!" म्हणत तिने फोन ठेवला.

आता गरम वारा थेट लागावा म्हणून तिने पट्ट्यांवरचं झाकण काढलं आणि ड्रायर तिच्या हातातच राहिला. काल संध्याकाळी तिने बोर्डावर लावल्या होत्या त्या दोन वर्षं जपून ठेवलेल्या, कारखान्याने नापास केलेल्या चार पट्ट्या. प्रत्येकीवर तिने स्वतःच्या हाताने नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. इथे ठिपका एकीवरही नव्हता. पट्ट्या कशा चकचकीत, नव्या नवरीसारख्या नटलेल्या.

"काका," ती सावकाश म्हणाली, "माझ्या ठिपकेवाल्या पट्ट्या कुठे आहेत?"

"त्या भंगार होय?" काका खुलले. "साहेबांसमोर असलं मांडतात का ताई? सकाळी तुम्ही यायच्या आत बदलून टाकल्या. नव्या कोऱ्या लावल्यात, पाकीट फोडून!"

"आणि जुन्या? फेकल्यात?"

"छे! मी वस्तू फेकणारा माणूस आहे का? साहेब महिनाभर मागे लागलेत, काका, माझं मशीन हळू चालतंय, मेमरी वाढवून द्या. म्हटलं, आयत्याच मोकळ्या झाल्यात चार..."

वाक्य पुरं करायची गरज उरली नव्हती. काकांनाच ते अर्ध्यावर जाणवलं आणि त्यांनी किल्ल्या खिशात टाकल्या.

साहेबांनी आधी काकांकडे पाहिलं, मग चुकाताईकडे, मग केबिनच्या दिशेने. "म्हणजे सकाळपासून माझं मशीन..."

"आपोआप चुकतंय, सर," चुकाताई अदबीने म्हणाली. "कुणी मुद्दाम चुका घातलेल्या नाहीत."

साहेब उठून केबिनकडे गेले. चुकाताईने मनातल्या मनात पॅकिंग विभागातली खोकी मोजायला घेतली. पाचेक मिनिटांनी साहेब परत आले. हाताला धूळ, तळहातावर लाल ठिपक्यांच्या चार पट्ट्या.

"लावा," ते म्हणाले. "दोन्ही पद्धती एकदमच चालवा. आणि तो ड्रायर द्या इकडे, मी धरतो." मग काकांकडे वळून, "काका, तुम्ही कधी सुधारणार हो?"

"प्रयत्न चालू आहे साहेब," काका म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

काका चहा घेऊन परतले तेव्हा साहेब एका हातात ड्रायर धरून पडद्याला नाक लावून उभे होते. काकांनी कप ठेवला, साहेबांचं लक्षही गेलं नाही. चहावर साय धरली. चाचणी संपली आणि आकडे थांबले.

जुनी पद्धत: चुका दोनशे चौदा, न सुधारलेल्या सत्तावन्न.

नवी पद्धत: चुका दोनशे चौदा, न सुधारलेली एक.