तार काढली तरी उत्तर येतंय!

"नेट कंपनीचा माणूस कशाला? मी आहे ना!" कारकूनसाहेबांनी बाह्या सरसावल्या.

साहेबांचा जन्म आवक-जावक विभागात गेलेला. तिथे शिकलेलं तत्त्व एकच: उत्तर आलं, म्हणजे आपलं पत्र पोचलं! बाकी जगाशी देणंघेणं नाही.

सकाळपासून नेट बंद होतं आणि लेकीची नोकरीसाठी कॉम्प्युटरवरून होणारी मुलाखत तोंडावर आली होती. ऑफिसातल्या मित्राने साहेबांना 'पिंग' नावाची आज्ञा शिकवली होती. पत्ता टाकून हाक मारायची, तिकडून ओ येते. सरावाला एक पत्ताही दिला होता, एकशे सत्तावीसने सुरू होणारा. साहेबांनी तोच ठोकला. पडद्यावर उत्तरांची रांग लागली!

"बघ! लाइन ठणठणीत आहे."

"मग माझं पान का उघडत नाहीये, बाबा?" लेक रडकुंडीला आली.

"पानातच खोट असणार!"

"अहो, तार नीट बसलीय का ते तरी बघा," बायको म्हणाली.

"तारेचा काय संबंध? हे घे!" साहेबांनी खटकन तार उपटली. उत्तरं चालूच! मोडेम बंद केला. तरी चालूच! साहेबांची छाती पंपाने हवा भरल्यासारखी फुगली. त्यांनी तडक कंपनीला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"तार काढली तरी उत्तर येतंय! बोला आता!"

"कुठला पत्ता टाकलात, काका?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

साहेबांनी आकडे खणखणीत वाचले. पलीकडे कुणीतरी हसू गिळलं.

"काका, तो तुमच्याच कॉम्प्युटरचा पत्ता. तो स्वतःलाच हाक मारतोय आणि स्वतःच ओ देतोय."

"आमच्याकडे ही पद्धत जुनीच आहे," बायको म्हणाली.

"बिघाड आमच्याकडचा होता, काका. मघाशीच दुरुस्त झाला. तेवढी तार लावा."

साहेब टेबलाखाली घुसले, तार लावून, मोडेम चालू करून, डोकं आपटून बाहेर आले. मुलाखत सुरू झाली, पण उशिरा. साहेब स्वयंपाकघरात जाऊन बसले. लेकीची नोकरी गेली तर ती आपल्या खात्यावर! बंद दाराआडून आवाज येत होता.

"उशीर का झाला?"

"घरात बिघाड होता, सर. स्वयंपाकघरात नेऊन बसवलाय."

"सापडला कसा?"

"त्यानेच फोन करून कळवलं, सर."

तिकडे हास्याचा गडगडाट झाला.

"हसले गं!" साहेब कुजबुजले. "घेतील ना तिला?"

"तिला घेतील हो," बायको म्हणाली. "तुम्हालाही घेऊन जातील का, तेवढं विचारायला सांगू?"