शेषेरावांच्या डाव्या पायाची रुखसत

दौलती आल्या, दौलती गेल्या, गढ्या उठल्या आणि गढ्या पडल्या, परंतु सन १३५१ फसलीत, म्हणजे इसवी १९४१-४२ साली, निजामाच्या मुलखी जी मोहीम जाहली तिला जोड नाही. गोदावरीपासोन मांजरेपर्यंत धरणी कापली, ऐसे जाणते सांगतात. सदर मोहिमेत जो मुलूख राखिला तो गुडघ्यापासोन घोट्यापर्यंत होता, आणि त्यावर केस होते.

हकीकत ऐसी जे, कंधाराकडील एका खेड्याचे कास्तकार शेषेराव यांचे डाव्या पोटरीत वखराची पास, म्हणजे लोखंडी पाते, शिरली, आणि ते नांदेड-लातूर वाटेवरील एका कसब्याच्या सरकारी दवाखान्यात दाखल जाहले. कसब्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील पेशकारांचे, म्हणजे कारकुनांचे, आप्त फार. मग डॉक्टरसाहेब विरूपाक्ष, वैद्यकी हैदराबादेस शिकलेले, चष्मा सोनेरी, यांनी जखम धुविली, टाके घातले, आणि पंधरवड्यात जखम भरत आली तेव्हा रुखसतीचा, म्हणजे घरी सोडण्याचा, कागद दिला, तो उर्दूत, त्यावर गोल शिक्का, आणि त्यात पट्टी केव्हा बदलावी, पाणी किती उकळावे, ऐसा सर्व तपसील. कागद घेण्यास थोरले बंधू भुजंगराव पुढे जाहले, पागोटे सावरून ‘जी हुजूर’ ऐसे सात वेळा बोलिले, आणि गाडी गावाकडे निघाली.

बाराव्या दिवशी गाडी परत आली. पोटरीत पू. मग पुन्हा धुणे, पुन्हा कागद, पुन्हा सात वेळा जी हुजूर, आणि पुन्हा गाडी. ऐसे करिता गाडी तीन वेळा परत आली. तेव्हा डॉक्टरसाहेबांचा हुकूम जाहला की, ही शेवटची माफी. चौथ्याने पू घेऊन आला तर पाय गुडघ्याखाली उतरवावा. हे ऐकोन शेषेराव भिंतीकडे तोंड करून निजले, ते जेवणासही वळेनात.

त्या समयी दवाखान्यात नर्सबाई नीलम्मा, राहणार उदगीर, तैनातीस होत्या. देह ठेंगणा, चाल अशी की वाटेतले रोगी आपोआप पाय आखडून घेत. त्यांनी मसलत केली की, जखम येथे भरते आणि घरी फुटते, तस्मात गनीम घरी आहे. आणि रुखसतीची तयारी रुखसतीच्या दिवशी न करिता आजपासोन करावी. मग त्यांनी भुजंगरावांस बोलावून पुसिले, तीन कागद कोठे आहेत.

“पेटीत,” भुजंगराव म्हणाले. “जमिनीच्या कागदासंगं. शिक्क्याचा कागद हाय बाई, बाहेर ठेवला अन् उंदरानं खाल्ला तर सरकारला काय सांगू?”

“वाचला कुणी?”

“कुलूप हाय ना त्याला.”

मग दुसरा सवाल जाहला की, घरी पट्टी कोण बदलितो. भुजंगराव उत्तरले की ते बायकांचे काम. आणि बायका म्हणजे शेषेरावांचे कुटुंब तुळजाबाई, ज्या दर वेळी गाडीबरोबर आल्या होत्या आणि दर वेळी फाटकाबाहेर लिंबाखाली पाठ करून बसल्या होत्या. कारण थोरल्या दिरास तोंड दाखवू नये, त्याशी बोलू नये, ही घराण्याची रीत, आणि ती अकरा वर्षांत एकदाही मोडली नव्हती. ऐसे की, जो ऐकत होता तो पट्टी बदलीत नव्हता, आणि जी बदलीत होती तीस लिंबाखाली काही ऐकू येत नव्हते.

येथे नीलम्मांची मुत्सद्देगिरी पाहावी. जखम भरत येताच त्यांनी भुजंगरावांस मानाची कामगिरी सांगितली की, चौथा कागद फार मोलाचा, त्यावर शिक्का आपण खासे उभे राहून घ्यावा. भुजंगराव छाती काढोन पेशकार रामकिशन यांच्या मेजापुढे जाऊन उभे राहिले. रामकिशन यांस काही पढवावे लागले नाही. पहिले दिवशी शाई नव्हती, दुसरे दिवशी कपाटाची किल्ली घरी राहिली, आणि तिसरे दिवशी शाई होती, किल्ली होती, पण रामकिशन यांचे मन लागत नव्हते. ऐसे तीन दिवस मैदान मोकळे मिळाले.

तेव्हा तुळजाबाई लिंबाखालून उठवून आत आणिल्या, आणि त्यांस हात साबणाने धुणे, चिंध्या उकळणे, जखम धुण्याचे लाल दव्याचे पाणी करणे शिकविले. मग नीलम्मांनी आपले हात पाठीमागे घेऊन हुकूम केला की, आता तू करून दाखीव. पहिली पट्टी घोट्यावर घसरली. दुसरी ऐसी आवळली की शेषेराव भिंतीकडून प्रथमच इकडे वळले.

“यापरीस कापलेला बरा,” ते म्हणाले.

“तुमच्याशी कोण बोलून राहिलंय? मी पायाशी बोलून राहिले,” तुळजाबाई म्हणाल्या.

तिसरी पट्टी बसली. मग नीलम्मांनी पुसिले, “धनी निजतात कुठं, अक्का?”

“गोठ्यात. बैलापाशी.”

नीलम्मांनी गनीम ओळखिला, शेणामुताची जागा. मग म्हणाल्या की बाज ओसरीत गेली पाहिजे. तुळजाबाई म्हणाल्या, ओसरीत थोरले निजतात. नीलम्मा म्हणाल्या, मी सांगते त्यांना.

“तुम्ही सांगाल, बाई,” तुळजाबाई म्हणाल्या, “अन् ते जी हुजूर म्हणतील.”

चौथे दिवशी भुजंगराव शिक्क्याचा कागद पागोट्यात खोवून विजयी मुद्रेने आले आणि गाडी जुंपली. तेव्हा तुळजाबाई पदर हनुवटीपर्यंत ओढून व्हरांड्यात चढल्या, आणि खांबाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“खांबा, थोरल्यांना सांग. धन्याची बाज ओसरीत यायची हाय. गोठ्यात निजले तर पाय जातो. पाय गेला तर वखर थोरल्यांनाच धरावा लागंल.”

भुजंगरावांनी खांबाकडे पाहिले, आपल्या तळहातांकडे पाहिले, आणि खांबास म्हणाले, “गोठ्यात मी निजतो, म्हणावं.”

येणेप्रमाणे फत्ते जाहली. बारावा दिवस गेला, चाळिसावा गेला, गाडी परत आली नाही. आणि दिवाळीआधी शेषेराव आपल्या दोन्ही पायांनी चालत आले व नीलम्मांस पायलीभर मूग नजर केले. मग डॉक्टरसाहेबांचे फर्मान निघाले की, रोगी दाखल होताच पहिले दिवशी पुसावे, घरी पट्टी कोण बदलितो आणि रोगी निजतो कोठे. आणि लिंबाखाली जी कोणी बसली असेल तीस आत आणावे.

चौथा कागद पेटीतच राहिला. पुढे मोजणीस आलेल्या एका उर्दू जाणत्या गिरदावराने तो उघडून वाचिला. तो मुदखेडच्या कोण्या केवळाबाईच्या खोकल्याचा होता.