दोघांची सहल आणि सतरा पासपोर्ट

सहल कशी आखावी हे रुद्रेशकडून शिकावं, असं खुद्द रुद्रेशचं ठाम मत होतं. उदगीरच्या मोंढ्यात त्याची आडत होती. ऐन हंगामात दारात सोयाबीनचे शंभर ट्रॅक्टर उभे असताना कुठला आधी आत घ्यायचा आणि कुठल्याला चहा पाजून थोपवायचं, हे ज्याला जमतं त्याला चार बेटं काय अवघड! बियाण्याच्या कंपनीच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यानं सगळा बेत काढला होता. लाल पेननं ज्वालामुखी, निळ्या पेननं समुद्रकिनारे. जावा, बाली, लोंबोक आणि त्याच्या पलीकडचं एक चिमुकलं बेट. अकरा दिवस, चार बेटं, तीन ज्वालामुखी, सहा किनारे आणि माणसं दोन.

खरी अडचण त्या शेवटच्या आकड्यात होती.

रुद्रेश आणि मंजुश्री यांच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि या चौदा वर्षांत ती दोघं मिळून उदगीरच्या किल्ल्यापर्यंतसुद्धा एकटी गेली नव्हती. लग्नानंतर पाचव्या दिवशी श्रीशैलमला गेली, तेव्हा जीपमध्ये अकरा माणसं होती आणि नव्या नवरीच्या मांडीवर स्टोव्ह होता. एकदा कोकणात देवाला जायचं ठरलं, तर कोल्हापूरच्या अलीकडे रुद्रेशच्या आत्याला उलट्या सुरू झाल्या आणि समुद्र न बघता सगळी वरात माघारी फिरली. मंजुश्रीनं कधी कुरकुर केली नाही. नऊ माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला कुरकुर करायला सवड कुठली? पण मागच्या दिवाळीत फराळाचे डबे घासता घासता ती म्हणाली, "एकदा मला चार दिवस या घरातनं बाहेर काढा. फक्त आपन दोघं. ह्या टायमाला जमलं न्हाई, तर पुन्हा माझ्यापुढं सहलीचं नाव काढू नका."

ती हे चिडून म्हणाली असती तर रुद्रेशनं मनावर घेतलं नसतं. पण ती अगदी शांतपणे म्हणाली होती, आणि त्यामुळे तो घाबरला. फेब्रुवारीत लग्नाचा वाढदिवस. दोघांचे पासपोर्ट काढले, तिकिटं काढली, मंजुश्रीनं रुंद काठाची हॅटही आणली. राहता राहिली अप्पांची परवानगी.

अप्पा म्हणजे रुद्रेशचे वडील मलप्पा. या घराची एक रीत होती. पलीकडे देव असल्याशिवाय घरातलं माणूस गावाची वेस ओलांडत नसे. कपिलधार झालं, बसवकल्याण झालं, परळी तर पाठ होती. निव्वळ फिरायला म्हणून कुणी गेल्याचं त्या घराच्या इतिहासात नव्हतं. त्यामुळे बेटं, किनारे, ज्वालामुखी हे सगळं ऐकून घेतल्यावर अप्पांनी एकच प्रश्न विचारला.

"तिथं देव कोणचा हाय?"

रुद्रेश याच प्रश्नाची वाट बघत होता. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि अप्पांना एक व्हिडिओ दाखवला. जावा बेटावरचा ब्रोमो नावाचा ज्वालामुखी. आतून पांढरा धूर निघतोय, तोंडाच्या अगदी काठावर दगडाचा गणपती बसलाय, आणि जत्रेला आलेली माणसं वरून मक्याची कणसं, भाजीपाला, कोंबड्या असं काय काय आत टाकतायत. यात खोटं काहीच नव्हतं. गणपती खरा, धूर खरा, जत्राही खरी. रुद्रेशला वाटलं, आपण मैदान मारलं.

अप्पांनी तो व्हिडिओ सात वेळा बघितला. मग मोबाइल चौरंगावर ठेवून त्याला हात जोडले.

"जागृत हाय," ते म्हणाले. "जावा तुम्ही. पण तीर्थाला जाऊन राहिलाव, ते ध्यानात ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पहिला नारळ आला. तीर्थाला निघालेल्या माणसाच्या हाती गल्लीनं आपापला नारळ द्यायचा, ही आपल्याकडची जुनी पद्धत. देणाऱ्याला घरबसल्या पुण्य आणि नेणाऱ्याच्या खांद्याला कळ! शनिवारपर्यंत एकेचाळीस नारळ, सत्तावीस खण आणि खारकांची दोन पोती जमा झाली. रुद्रेशची आई पार्वतम्मा, म्हणजे घरातल्यांची अव्वा, प्रत्येक नारळाला देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी दोऱ्यानं बांधत होती. हळकुंडं ठेवायला भांडं कमी पडलं तेव्हा तिनं ती मंजुश्रीच्या नव्या हॅटमध्ये भरली. मंजुश्रीनं हॅटकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि ती भाकरी थापायला गेली. त्या दिवशी भाकऱ्या जरा जास्तच जोरात थापल्या गेल्या.

आता रुद्रेशनं सरळ सांगून टाकायला काय हरकत होती? सांगायचं काय, तर अप्पा, आम्ही तीर्थाला वगैरे काही निघालो नाही, मला समुद्रकाठी माझ्या बायकोचा हात हातात घेऊन बसायचं आहे. पण हे वाक्य वडिलांच्या तोंडावर बोलणारा मुलगा उदगीर तालुक्यात अजून जन्माला यायचा होता. रुद्रेशनं आरशासमोर दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा आरशातसुद्धा त्याची मान खाली गेली.

त्याच आठवड्यात आडतीवर सटवाजी आला. सटवाजी किल्लारीच्या बाजूचा शेतकरी, वर्षानुवर्षं माल रुद्रेशकडेच घालणारा. त्यानं पिशवीतून एक जिवंत कोंबडा काढून गादीवर ठेवला. व्हिडिओत कोंबड्या टाकताना त्यानंही बघितल्या होत्या, कारण अप्पांनी तो एव्हाना अख्ख्या मोंढ्याला दाखवला होता. लिंगायताच्या गादीवर कोंबडा! अप्पा उठून थेट वजनकाट्यापलीकडे जाऊन उभे राहिले. रुद्रेशनं हातापाया पडून कोंबडा परत पाठवला. चार दिवसांनी सटवाजी पुन्हा आला, आणि या वेळी त्याच्या हातात कागद होता. दोनशे बारा गावकऱ्यांच्या सह्या आणि अंगठे. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, "विषय : यापुढे जमीन न हलविणेबाबत."

रुद्रेशला हसू आवरेना. पण सटवाजी हसत नव्हता.

"जमिनीच्या आत जे काय शिजतंय, त्येचं तोंड तिथं हाय म्हनतेत," तो म्हणाला. "मग अर्ज तिथंच द्यायला पायजे की. हितं कुनाला द्यावा? त्र्याण्णवपासून मी छताखाली झोपलो न्हाई, शेट."

रुद्रेशचं हसू जागीच विरलं. त्यानं अर्ज दोन्ही हातांनी घेतला. जाता जाता सटवाजी वळला आणि पोच तेवढी न विसरता आणायला सांगून गेला.

मग नियम आले. तीर्थ म्हटल्यावर नियम आलेच. अप्पांनी ते जेवताना एकेक करून सांगितले. कांदा-लसूण बंद. डोंगर अनवाणी चढायचा. आणि परत येईपर्यंत नवरा-बायकोनं वेगवेगळ्या खोलीत झोपायचं. हे ऐकून रुद्रेशला ठसका लागला, तेव्हा मंजुश्रीनंच त्याला पाणी दिलं. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

शेवटचा घाव अप्पांनी सोमवारी घातला. एवढं सामान, एवढे नवस, पोरगं एकटं कसं नेईल? आणि देवाला जायचंच तर जत्रा सोडून भलत्याच महिन्यात कशाला? फेब्रुवारीची तिकिटं रद्द झाली. जूनमधल्या जत्रेचा मुहूर्त धरला. अप्पा, अव्वा, दोन काका, काकू, आत्या, आत्याच्या जावा आणि शाळेला सुट्टी म्हणून सगळी पोरं, अशी यादी वाढतच गेली. एकापाठोपाठ एक पासपोर्ट निघाले. चौकशीला आलेल्या हवालदारानं प्रवासाचं कारण विचारलं, अव्वानं त्याला व्हिडिओ दाखवला, आणि संध्याकाळी तो आपल्या बायकोच्या नावाचा नारळ घेऊन पुन्हा हजर झाला! सगळे मिळून सतरा पासपोर्ट झाले. रुद्रेशच्या कॅलेंडरवर आता लाल-निळ्या खुणांच्या मधोमध गॅसची शेगडी, बेसनाचे डबे आणि आत्याच्या उलटीच्या गोळ्या शिरल्या होत्या.

सतरावा पासपोर्ट आला त्या रात्री सगळे जेवायला बसले असताना मंजुश्री पदर सावरून पुढे आली.

"सगळेच गेल्यावर देवापुढं दिवा कोन लावंल?" ती म्हणाली. "तुम्ही सगळे जावा. मी ऱ्हाते घरी."

अव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी दिवा राखणाऱ्याला अर्धं पुण्य मिळतं, असं तिनं जाहीर केलं. मंजुश्रीच्या जागेवर यादीत न बसलेली आत्याची सगळ्यात धाकटी जाऊ गेली, म्हणजे आकडा सतराच राहिला. रुद्रेश अर्ध्या ताटावरून उठला. स्वयंपाकघरात जाऊन तो बायकोला म्हणाला, मीही राहतो. तिनं मान हलवली. अप्पांना विमानात धरायला कुणीतरी लागेल, एवढंच ती बोलली आणि भांडी घासू लागली. चौदा वर्षांत रुद्रेशला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

हैदराबादच्या विमानतळावर सामानातून नऊ किलो सुकं खोबरं बाहेर काढलं गेलं, तिथपासून सहलीला रंग चढला. बालीच्या किनाऱ्यावर रुद्रेश सोडून सोळा माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी ओळीनं समुद्रात उतरली आणि अव्वाच्या हुकमानं तीन-तीन बुडक्या मारून बाहेर आली. हा काहीतरी स्थानिक विधी असावा असं समजून सहा गोरे पर्यटकही ओळीत उभे राहिले. अव्वानं त्यांच्याही कपाळाला विभूती लावली. हॉटेलवाले रुद्रेशचं मूळ बुकिंग विसरले नव्हते. त्याच्या खोलीत पलंगभर गुलाबाच्या पाकळ्या पसरल्या होत्या आणि टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसले होते. त्या खोलीत त्याच्यासोबत अप्पा होते. एवढी तयारी बघून अप्पांना भरून आलं. परमुलखात पूजेची इतकी निगुतीनं मांडणी! ते हंस बाजूला करून पाकळ्यांवर मांडी घालून बसले आणि हातावर इष्टलिंग घेऊन त्यांनी तासभर पूजा केली. रुद्रेश बाल्कनीत उभा राहून समुद्र बघत होता. समुद्र फार सुंदर होता. त्यामुळेच त्याला जास्त वाईट वाटलं.

सातव्या दिवशी ब्रोमो. अडीचशे पायऱ्या अप्पा अनवाणी चढले आणि वर पोचून मागे राहिलेल्यांना रागावले. नारळ गेले, खण गेले, खारका गेल्या. मग रुद्रेशनं सटवाजीचा अर्ज काढला, विषयापासून सह्यांपर्यंत मोठ्यानं वाचला आणि आत सोडला. खाली उतारावर, वरून पडेल ते झेलायला जाळी घेऊन उभ्या असलेल्या एका माणसानं तो अलगद झेलला, उलटा धरून नीट बघितला, घडी केली आणि खिशात घातला. रुद्रेशनं त्याचा फोटो काढून घेतला. यापेक्षा चांगली पोच मिळणं अवघड होतं.

सगळे गणपतीभोवती बसल्यावर तो थोडा लांब गेला. मोबाइलला रेंज होती. त्याचं मन भरून आलं होतं. तिकडे उदगीरात सकाळचे दहा वाजले असणार, आणि रिकाम्या घरात ती बिचारी एकटी दिव्यापुढे बसली असणार. त्यानं व्हिडिओ कॉल लावला. बऱ्याच वेळानं मंजुश्रीनं उचलला.

ती अप्पांच्या आरामखुर्चीत होती. केस मोकळे, डोळ्यांवर झोप, पाय समोरच्या स्टुलावर. मांडीवर कापलेल्या आंब्यांची ताटली. मागे घरात चिटपाखरू नव्हतं.

"मंजू, माझं चुकलं," रुद्रेश कसाबसा म्हणाला. "तुला मी बाहेर काढतो म्हणलो आन् तुलाच घरी सोडून आलो. लई वाईट वाटायलंय."

"वाटून घेऊ नका," ती म्हणाली आणि एक फोड तोंडात टाकली.

"तू काय करायलीस?"

"काहीच न्हाई." हे दोन शब्द तिनं फोडीसारखेच चोखून, सावकाश उच्चारले. सात दिवस ती काहीच करत नव्हती. सकाळी एक वात लावायची, संध्याकाळी एक लावायची, संपलं.

तिनं अप्पांची चौकशी केली. अव्वाचे गुडघे कसे आहेत विचारलं. सगळे ठणठणीत आहेत, अप्पा तर पुढच्या डोंगरालाही तयार आहेत, असं रुद्रेशनं सांगितलं. मंजुश्री खुर्चीत किंचित सरसावून बसली.

"मग असं करा," ती म्हणाली, "तिकडं आनखी एखादं बेट ऱ्हायलं असंल, तर तेबी करूनच या."